न वाजवलेलं दार

चष्म्यावर वाफ धरली आणि खालिउनला घर दिसेनासं झालं. यात नवल काही नव्हतं. जानेवारीत उलानबातारमधली चष्मेवाली माणसं घरात शिरली की घडीभर आंधळीच असतात. बाहेर उणे अडतीस, आत गरम पाइपांनी पेटवलेली भट्टी, मग काचा बिचाऱ्या करणार काय? खालिउन तर चष्म्यांच्याच दुकानात नोकरीला. पुसू नका, पुसलं की पसरतं, थांबा, आपोआप निवळेल, हे दिवसभर गिऱ्हाइकांना सांगून तिची जीभ झिजली होती. तेव्हा ती थांबली. बूट काढले, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी काढली, गालावर चष्म्याच्या काड्या रुतल्या होत्या तिथं बोटांनी चाचपून पाहिलं, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जो तपकिरी ठिपका बसला होता त्याच्याशी बोलायला लागली. "दार पुन्हा उघडं. सकाळी काय बोलणं झालं होतं आपलं? तू मुद्दाम करतेस आई, माझी खात्री आहे. कुलूप काय शोभेला बसवलंय? आणि मी ओरडले की गप्प बसायचं, म्हणजे मीच वाईट." ठिपका गप्पच होता. त्यानं थर्मास उचलला, वाडग्यात चहा ओतला आणि वाडगा तिच्या बाजूला सरकवला. हे मात्र आईसारखंच झालं. भांडणात चहा पुढं करून समोरच्याचं तोंड बंद करायचं ही तिची जुनी खोड. खालिउन आणखी थोडं बोलणार होती, पण काचा कडेकडून निवळत आल्या आणि तिला आधी हात दिसले. मोठे, भेगाळलेले, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. मग पांढरी मिशी. मग आईच्या लोकरी शालीत गुंडाळून स्टुलावर ठेवलेले दोन पाय. तिच्या स्वयंपाकघरात एक अनोळखी म्हातारा बसला होता, आणि तो अगदी अदबीनं विचारत होता, "हिवाळा सुखरूप चाललाय ना, पोरी?"

या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. सुखरूप चाललाय, तुमची जनावरं धट्टीकट्टी आहेत ना, असं म्हणायचं. माळावर जन्मलेल्या माणसाच्या तोंडून ते झोपेतही येईल. खालिउनच्या तोंडून मात्र काहीच आलं नाही. तिचा हात मागं दाराच्या मुठीकडे गेला, आणि मनात भलतंच काहीतरी आलं, की पळायचं तर मोजे आहेत पायात, बूट नाहीत. म्हाताऱ्यानं उजव्या तळहातावर तपकिरीची कुपी धरून पुढं केली. भेटलेल्या माणसाला कुपी द्यायची, त्यानं वास घेऊन परत करायची, ही रीत. ती कुपी तशीच हवेत राहिली. त्याला राग आला नाही, त्यानं ती परत अंगरख्यात ठेवली आणि म्हणाला, "दमलीस. बस. मी सांबू. तुझ्या आईनं मला बसवलंय."

"आई कुठाय?"

"माझ्या म्हातारीला आणायला गेली. थांब्यावर आहे ती. मेंढीपाशी."

"कुठल्या मेंढीपाशी?"

"मेलेल्या," सांबू म्हणाला. "पोत्यात आहे. भाचीसाठी आणलीय. तिच्या घरी जायचं होतं, चौदा नंबरची इमारत. मी म्हटलं, म्हातारे, तू मेंढीवर बस, मी घर शोधून येतो."

"काका, चौदा नंबर तीन आहेत इथं. चौदा, चौदा-अ, चौदा-ब."

"एकदा नंबर दिला की दिला. त्याला पिलं कशाला होऊ द्यायची?"

मग त्यानं सगळं सविस्तर सांगितलं, जसं माळावरची माणसं सांगतात, कुठलीही घाई न करता, आणि खालिउनच्या अंगाचा तिळपापड होत असताना मध्येच चहाचा घोट घेत. बस वाटेत बंद पडली होती, त्यात पायाची बोटं बधिर झाली. कुणी एक बाई बाहेर पडत होती म्हणून खालचं दार उघडं मिळालं. मग पहिल्या मजल्यापासून तो एकेका दाराची मूठ ओढत वर आला. आतून कुणी शिव्या दिल्या, कुणी कुत्रं अंगावर घालीन म्हणालं, एकानं पोलिसांचं नाव घेतलं. हा म्हणाला, बोलाव, त्यांच्या गाडीत ऊब तरी असेल. "काका, दार वाजवायचं असतं," खालिउन म्हणाली, तर तो दुखावल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. "दार का वाजवायचं? आत माणसं राहतात. तो काय ढोल आहे?" चौथ्या मजल्यावर एक मूठ फिरली आणि आत एक बाई चहात मीठ घालत उभी होती. तिनं तू कोण असंही विचारलं नाही. बूट काढ म्हणाली. बोटं पांढरी पडली होती, लाकडासारखी. तिनं खाली बसून ते पाय आपल्या अंगरख्याच्या आत, पोटाशी धरले. त्यानं चोळायला हात नेला तर फटका दिला. चोळशील तर कातडी हातात येईल म्हणाली. बऱ्याच वेळानं ठणका सुरू झाला, तो असा की डोळ्यांत पाणी आलं. "मग म्हणाली, दुखतंय ना, म्हणजे जगली बोटं. आता त्यांच्यावर उभा राहिलास तर माझ्याशी गाठ आहे. नाहीतर मी गेलोच नसतो का म्हातारीला आणायला?"

"किती वेळ झाला तिला जाऊन?"

सांबूनं थर्मास हलवून पाहिला. "हा भरलेला होता तेव्हा गेली."

थर्मास रिकामा होता. आईचा फोन फ्रिजवर होता, नेहमीसारखा, भरतकामाच्या पिशवीत घालून, जणू तो थंडीनं आजारी पडेल. थांबा फार तर दोन गल्ल्यांवर. जाऊन येणं एक वाडगा चहा निवायच्या आत व्हायला हवं. तिनं पुन्हा बूट चढवले, टोपी घातली, आणि जिना उतरताना तिला सकाळ आठवायला लागली, जी तिला आठवायची नव्हती. सकाळीही दार नुसतं लोटलेलं सापडलं होतं. रात्रभर. ती ओरडली होती. आई पातेल्यातला चहा पळीनं वर उचलून खाली सोडत होती, आणि तिच्या पाठीकडे बघत खालिउन म्हणाली होती, "पुन्हा एकदा उघडं दिसलं ना, तर आतून कडी लावून घेईन आणि तुला जिन्यात बसवीन. मग कळेल." आई मागं न वळता म्हणाली, "बसेन की. जिना काय वाईट आहे." हे असं. भांडणातसुद्धा तिच्याशी धड भांडता येत नाही.

बाहेर धुराची आणि धुक्याची एकच भिंत होती. टेकड्यांवरच्या तंबूवस्त्यांतल्या चुलींचा धूर खाली उतरला होता आणि दुपार असूनही गाड्यांचे दिवे लागले होते. नाकातले केस पहिल्याच श्वासाला कडक झाले. चष्म्याची काडी कानामागं सुईसारखी लागली, तेव्हा तिनं तो काढून खिशात टाकला. मग इमारती पुसट झाल्या, पण तसं पाहिलं तर चष्म्यातूनही त्या सगळ्या सारख्याच दिसतात. राखाडी, पाच मजली, बाल्कन्यांत टांगलेलं मांस. एका अंगणात एक झोपाळा, दुसऱ्या अंगणात तसाच झोपाळा. शरदात आई अशाच एका झोपाळ्यावर सापडली होती. घरापासून जवळच, पण भलत्याच अंगणात, मांडीवर पावाची पिशवी. "बसले जरा, मुलं खेळताना बघत," ती म्हणाली. अंगणात एकही मूल नव्हतं. त्याआधी एकदा दुधाला गेलेली आई अंधार पडल्यावर परतली आणि म्हणाली, फिरून आले. खालिउननं दोन्ही वेळा बरं म्हटलं होतं. हीच बाई माळावर धुक्यात हरवलेली घोडी वाऱ्याच्या वासावरून शोधून आणायची. तीन वर्षांपूर्वीच्या दुष्काळी हिवाळ्यात कळप गेला, त्याच्या मागून बाबा गेले, आणि खालिउन भाड्याची गाडी घेऊन गेली नि आईला घेऊन आली, म्हणजे पेटीसारखी उचलूनच आणली. आईनं गाडीच्या काचेतून एकदाही मागं वळून पाहिलं नाही. हिला शहर मानवेल, असं त्यावरून खालिउनला वाटलं होतं. माणूस आपल्या सोयीचं काहीही वाटून घेतो.

थांब्यावर कुणी नव्हतं. बाकावर पोतं होतं, आणि पोत्याच्या तोंडातून मेंढीचे दोन गोठलेले खूर वर आलेले. बाकी काही नाही. ते खूर बघून खालिउनला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही, आणि दोन्ही बाहेर पडायच्या आत गालावर कडक झालं. तिनं फोन काढला, आणि कुणाला करायचा हे सुचेना. या भागात ती अकरा वर्षं राहत होती आणि फोनमध्ये शेजारचा एकही नंबर नव्हता. दुकानाचा मालक, घटस्फोटाचा वकील, एक मैत्रीण दक्षिण कोरियात. मग फोन हातातल्या हातात मेला. अशा थंडीत फोन छातीशी ठेवायचा असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं इथं. तिनं तो कोटाच्या बाहेरच्या खिशात ठेवला होता. बाकामागच्या टपरीची खिडकी सरकली.

"ए बाई, ती मेंढी राखणीला दिलीय माझ्याकडे. हात लावू नकोस."

"कुणी दिली?"

"दोन म्हाताऱ्यांनी. जड आहे म्हणाल्या, नंतर नेतो. मी म्हटलं राहू दे, गोठलेली आहे, पळून कुठं जाते." टपरीवाली डोळे बारीक करून बघत होती. "तुझ्या कोण?"

"एक माझी आई."

"कुठल्या बाजूला गेल्या ते नाही पाहिलं, धुकं होतं. पण दुसरी लंगडत होती आणि तुझी हसत होती. बराच वेळ झाला. पोहोचल्या नाहीत?" खालिउननं मान हलवली. "मग उभी काय राहिलीस? मागून आत ये. तुझं नाक पांढरं पडलंय. चोळू नकोस, हात धर नुसता त्याच्यावर."

टपरी एका माणसासाठीही अपुरी होती. सिगारेटची खोकी, चॉकलेटं, पायाशी विजेची शेगडी, आणि उरलेल्या जागेत टपरीवाली. खालिउन तिच्या मांडीला मांडी लावून बसली. "पोलिसांना करू?" तिनं विचारलं. "कर. पण आधी त्सेंदमाला कर. पोलीस पत्ता विचारतात, त्सेंदमा माणूस विचारते." त्सेंदमा म्हणजे या आळीची प्रमुख, वॉर्डातून नेमलेली. सह्या घ्यायला, लसीचं सांगायला, अंगण झाडायला बोलवायला दारोदार फिरणारी. तिची चाहूल लागली की खालिउन दाराच्या भोकातून बघायची आणि श्वास रोखून उभी राहायची. आता टपरीवालीनं आपल्या फोनवरून नंबर लावून दिला, आणि पलीकडून त्सेंदमाचा खणखणीत आवाज आला.

"कोण खालिउन? मी नाही ओळखत."

"चौदा नंबर, चौथा मजला, डावीकडचं—"

"नोरजमा मावशींचं घर, म्हणजे तुझ्या आईचं? असं सांग ना मग. तू ती दारामागं उभी राहणारी. तुझी सावली दिसते बाई खालच्या फटीतून." खालिउनला शरमेनं ऊब आली, तेवढाच फायदा. पण त्सेंदमा पुढं सरकलीही होती. अंगात काय होतं, पायात काय होतं, सोबत कोण, किती थकलेली. फेल्टचे बूट होते? मग ठीक. "आता माझं ऐक. तू रस्त्यावर धावू नकोस, नाहीतर मला दोघींना शोधावं लागेल. माळावरची बाई अशा दिवशी रस्त्यात थांबत नाही. ती कुठल्या तरी छपराखाली गेली असणार. मी सगळ्या जिन्यांना कळवते. तू आहेस तिथं बस आणि काहीतरी गरम पी."

बस. हे सगळ्यात अवघड काम. टपरीवालीनं तिला चहा दिला, तिनं तो दोन्ही हातांनी धरला, आणि खिडकीच्या काचेवर आतून जमलेल्या हिमाच्या पानांकडे बघत राहिली. सध्या तिसरं नवक चालू होतं. हिवाळ्याची ही नऊ-नऊ दिवसांची नवकं मोजताना बाबा म्हणायचे, पहिल्या नवकात घरची दारू गोठते, दुसऱ्यात कडक दारू, तिसऱ्यात तीन वर्षांच्या बैलाची शिंगं, चौथ्यात चार वर्षांच्या बैलाची. म्हातारीचं काय गोठतं ते मोजणीत नव्हतं. एका चौथ्या नवकात बाबाही असेच आले नव्हते. घोड्यांमागं गेले आणि वादळ उठलं. खालिउन तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. आई रात्रभर चूल फुंकत बसली आणि एकदाही बाहेर डोकावली नाही, याचा खालिउनला तेव्हा फार राग आला होता. तिसऱ्या दिवशी बाबा आले. कुणाच्या तरी हिवाळी घरात शिरले होते. मालक जनावरं घेऊन दुसरीकडे गेलेले, दाराला नुसती केसांची दोरी बांधलेली, वाऱ्यानं उघडू नये म्हणून. आत चुलीपाशी वाळलं शेण रचून ठेवलेलं, काडेपेटी, थैलीत सुकवलेलं दही. ते घर कुणाचं हे कधीच कळलं नाही. निघताना बाबांनी वारा पडल्यावर शेण गोळा केलं आणि होतं तेवढं पुन्हा रचून ठेवलं, दोरी बांधली. त्यानंतर दर वर्षाच्या पहिल्या सकाळी आई त्या दिशेला दुधाचे थेंब उडवायची. आणि शहरातल्या या घरात चोरी झाली, बाबांचा चांदीचा वाडगा गेला, तेव्हा खालिउन रडत होती नि आई म्हणाली, "गेला तर गेला. त्या हिवाळी घराच्या दाराला कुलूप असतं तर वाडगा उरला असता आणि त्यातून पिणारा गेला असता." खालिउननं दुसऱ्याच दिवशी दुहेरी कुलूप बसवून घेतलं. तिचंही काही चुकलं नव्हतं. चोर आले होते हे खरं आणि बाबा जगले होते हेही खरं, आणि ही दोन्ही सत्यं तिच्या घरात तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

तिला आणखी एक आठवलं. ती सात-आठ वर्षांची, घरात एकटी, आणि एक परका माणूस आत आला. कोण काय विचारलं नाही. आईनं शिकवल्याप्रमाणे तिनं चहा केला आणि घाबरून त्यात दोनदा मीठ घातलं. त्या माणसानं तो सगळा प्याला, पुन्हा वाडगा पुढं केला, पुन्हा प्याला. मिशी पुसून म्हणाला, या खोऱ्यात इतका जोरदार चहा कुणी करत नाही. मग घोड्यावर बसला आणि गेला. आई परतल्यावर तिनं चव घेतली आणि पोट धरून हसली. तेव्हा खालिउनला भीती वाटली नव्हती, किंवा वाटली असली तरी ती मिठात विरघळली. मग कधी आली भीती? शहरात आल्यावर नाही. लग्न मोडल्यावरही नाही. ती हळूहळू आली, काचेवर हिम चढतं तशी, आणि एक दिवस पलीकडचं दिसेनासं झालं. आता तिच्या स्वयंपाकघरात एक म्हातारा बसला आहे आणि तिनं त्याला उत्तर दिलं नाही. सुखरूप चाललाय, एवढंही नाही. आणि आई. आई कुठल्या दारापुढं उभी असेल? हिवाळ्यात दार उघडं असतंच असं धरून चालणारी बाई, आणि सगळ्या शहराला कुलपं. ती वाजवणार नाही. खोकेल, पाय आपटेल, वाट बघेल. आपण असंच कुणाचं तरी खोकणं ऐकून श्वास रोखून उभ्या होतो का कधी, हे खालिउन आठवायला लागली, आणि तिनं ते आठवणं थांबवलं.

फोन वाजला. टपरीवालीनं ऐकलं, हं हं म्हणाली, आणि फोन तिच्या कानाला लावला. त्सेंदमा या वेळी ओरडत नव्हती. "सापडल्या. दोघी बऱ्या आहेत. चौदा-ब मध्ये आहेत, चौथा मजला. जिन्यात बसल्यात." खालिउनचा जीव भांड्यात पडला, पण त्सेंदमा थांबली होती, आणि ही बाई बोलताना थांबणारी नव्हती. "समोरच्या घरातल्या बाईनं कळवलं. तिनं चहा दिलाय, आत या म्हणाली. तर तुझी आई जायला तयार नाही. डावीकडच्या दारापाशी बसून आहे. ते भाडेकरूंचं घर, दिवसभर कुणी नसतं तिथं. पण ती म्हणते, माझी मुलगी आत आहे."

"काय?"

"म्हणते, मुलगी रागावलीय, कडी लावून बसलीय. राग उतरला की उघडेल. समोरच्या बाईनं फार आग्रह केला, तेव्हा म्हणाली, पोरीनं दार उघडलं आणि मी इथं नसले तर तिला वाटेल मीच रुसले."

चौदा-ब कडे जाताना खालिउन धावली की चालली, हे तिला नंतर आठवेना. टपरीवाली मागून काहीतरी ओरडली ते मेंढीबद्दल असावं. तिच्या डोळ्यांपुढं एकच होतं. आई त्या म्हातारीचा हात धरून चार मजले चढली असणार, मूठ धरली असणार, मूठ फिरली नसणार. आणि तिला वाटलं नाही की आपलं घर चुकलं. तिला वाटलं, पोरीनं बोलल्याप्रमाणे केलं. बाहेर उणे अडतीस असताना माझी पोरगी मला जिन्यात बसवू शकते, हे तिला पटलं, आणि नुसतं पटलं नाही, तिनं ते माफही करून टाकलं. ही शक्यता आईला इतकी सहज कशी पटली? सकाळच्या एका वाक्यानं? की रोजच्या रोज, दारात बूट काढताना, थर्मास आपटताना, बरं म्हणताना, हे थोडं थोडं सांगितलं गेलं होतं? खालच्या दाराचं कुलूप थंडीनं अडकून उघडंच राहिलं होतं आणि कुणीतरी फटीत वीट सरकवली होती. जिन्यातली काच फुटकी, तिथं पुठ्ठा लावलेला, भिंतीवर केसाळ हिम. वर चढताना तिला आईचा आवाज ऐकू यायला लागला. आई कुणाला तरी समजावत होती.

"तापट आहे, पण आतून मऊ. लहानपणी एका पाहुण्याला मिठाचा काढा पाजला होता तिनं. दुकानात दिवसभर उभी असते, पाय सुजतात. मग घरी येऊन कुणावर ओरडणार? माझ्यावरच. मला बरं वाटतं ओरडली की. गप्प असते तेव्हा भीती वाटते."

"पण अजून उघडेना," दुसरा आवाज म्हणाला. "वाजवून बघू या का? शहरात वाजवतात म्हणे."

"आपल्याच घराचं दार कुणी वाजवतं का, दुल्मा? तुझ्या म्हाताऱ्याला मी उठू नको म्हटलंय. ती उघडेल."

खालिउन शेवटच्या वळणावर उभी राहिली. चष्मा नव्हता तरी तिला सगळं दिसत होतं. दोघी म्हाताऱ्या वरच्या पायरीवर पुठ्ठा अंथरून एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. आईनं आपल्या अंगरख्याची एक बाजू सोडून दुल्माच्या खांद्यावर घेतली होती, आणि दोघींच्या मध्ये समोरच्या बाईचे दोन वाडगे. समोरचं दार उघडं होतं, त्यातून उजेड आणि कांद्याचा वास येत होता. डावीकडचं दार तिच्याच दारासारखं, त्याच तपकिरी रंगाचं, बंद. आईची पाठ त्या दाराला टेकलेली. म्हणजे उघडलं तर तिला आधी कळावं. आईनं वर पाहिलं. पोरगी दारातून यायची ती जिन्यातून आली याचं तिला आश्चर्य वाटायला हवं होतं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, आणि मग तिनं ते बाजूला सारलं, जसं माळावर कुणी गवतातली काडी बाजूला सारतं.

"राग गेला?" तिनं विचारलं.

आई, हे आपलं घर नाही. तू भलत्याच इमारतीत बसली आहेस. शरदातसुद्धा तू चुकली होतीस, मला माहीत होतं. हे सगळं खालिउनच्या ओठांवर आलं. ते खरं होतं, आणि त्यानं ती सुटलीही असती. मी नव्हते आत, मी कडी लावली नव्हती. पण मग आई काय राहिली असती? आपलं दार ओळखू न येणारी एक म्हातारी. त्यापेक्षा तापट पोरगी असलेली म्हातारी बरी.

"गेला," ती म्हणाली. "चल."

"बघ, म्हटलं नव्हतं?" आई दुल्माला म्हणाली, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठली. खालिउननं समोरच्या बाईचे आभार मानले. ती बाई म्हणाली, आभार कसले, वाडगे परत द्या म्हणजे झालं. मग तिघी उतरायला लागल्या, दुल्मा मध्ये, दोन्हीकडून दोघींनी धरलेली. घर वर आहे आणि आपण खाली का चाललो, हे आईनं विचारलं नाही. खालिउन प्रत्येक पायरीला त्या प्रश्नाची वाट पाहत होती आणि त्यावर काय थाप मारायची ते जुळवत होती. मेंढी आणायचीय. सांबूकाका खाली आलेत. तिला थापा नीट येत नाहीत. तिसऱ्या मजल्यापर्यंत तिच्याजवळ एकही टिकाऊ थाप नव्हती.

अंगणात आल्यावर आई थांबली. तिनं झोपाळ्याकडे पाहिलं, मग मागं वळून दारावरच्या आकड्याकडे. मग पलीकडे, विरळ होत चाललेल्या धुक्यात, जिथं त्यांची इमारत होती, तिच्या चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघराचा दिवा लागलेला होता आणि खिडकीत एक मिशीवाला म्हातारा हात हलवत होता. पायावर उभा राहिला होता मेला. दुल्मा त्याला बघून हात उंच करून हसायला लागली आणि पुढं निघाली. आई निघाली नाही. थंडीत तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे ती काय बघते आहे ते कळत नव्हतं.

"म्हणजे ते आपलं दार नव्हतं."

"नाही."

"तू आत नव्हतीस."

"नव्हते, आई. मी तुला शोधत होते."

"मग मी राग गेला का विचारलं, तर गेला असं का म्हणालीस?"

खालिउननं खिशातला चष्मा काढला आणि न घालताच परत ठेवला.

"म्हणजे होता," आई म्हणाली.

"होता."

आईनं मान डोलावली, फार समजूतदारपणे, एखाद्या अवघड हिशोबाचा ताळा बरोबर आल्यासारखी. मग तिनं खालिउनचा उघडा हात धरला आणि आपल्या लांब बाहीत आत ओढून घेतला, कोपरापर्यंत, जिथं ऊब होती.

"मग दार नाही चुकलं माझं," ती म्हणाली. "चल, तो म्हातारा पायांवर उभा राहिलाय."